साठच्या पुढे घुमणारी गाडी : चाकाच्या बेअरिंगचं एक प्रकरण

गाडी आठ वर्षं वापरलेली, पेट्रोलवरची सेडान. इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. रनिंग ९५ हजार किलोमीटरच्या आसपास. मालक फुलेवाडीत राहणारे एक शिक्षक, शाळा गगनबावडा तालुक्यात, साळवणच्या पुढे. रोज सकाळी बालिंगा, कोपार्डे, कळे, मांडुकली असा रस्ता आणि संध्याकाळी तोच परत. तक्रार त्यांनी एका दमात सांगितली : "पन्नास-साठच्या पुढं गाडी गेली की पिठाची चक्की चालू झाल्यागत घुमतंय. मागनं. डाव्या बाजूनं."

चाकाचं बेअरिंग, म्हणजे ज्याच्या आतल्या गोळ्यांवर चाक हलकं फिरतं तो भाग, जाणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये पावसाळा संपला की असं काम हमखास येतं. तरी हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे येईपर्यंत या गाडीवर बराच खर्च होऊन गेला होता आणि झालेलं एकही काम तसं वाईट नव्हतं. टायर चांगले घातले होते, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बरोबर होती. आवाज कशाबरोबर वाढतो आणि कशाबरोबर उतरतो, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. आवाज कसा येतो याचं वर्णन प्रत्येक जण वेगळं करतो. तो कधी येतो हे मात्र नीट विचारलं तर सगळे सारखंच सांगतात, आणि निदान तिथूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे येण्याआधी

आवाज दिवाळीच्या सुमारास सुरू झाला. आधी सरांना वाटलं, रस्ताच खराब आहे. ऊसतोडीच्या हंगामात त्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, चाळीसच्या वर काटा जातच नाही, त्यामुळे आवाज रोज ऐकूही येत नव्हता. मग पुण्याला जायचा योग आला. हायवेला लागल्यावर गाडी इतकी घुमायला लागली की पुढच्या-मागच्यांना मोठ्याने बोलावं लागलं.

परत आल्यावर अलाइनमेंट-बॅलन्सिंग झालं. फरक नाही. आवाज मागून येतोय म्हटल्यावर मागचे दोन टायर बदलले. नव्या टायरवर गाडी जरा मऊ चालली, चार-दोन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. तिसऱ्या ठिकाणी गाडी जॅकवर घेतली, चाक वर-खाली हलवून प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहिला आणि निकाल दिला : "प्ले नाही, बेअरिंग ओके." या वाक्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. त्यानंतर सरांनी बेअरिंगचा विषयच डोक्यातून काढून टाकला.

टायरचा संशय घेणं गैर नव्हतं. शॉकप (दणके झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) थकलेला असेल किंवा अलाइनमेंट बरेच दिवस बिघडलेली असेल, तर टायर एकसारखा न झिजता उंचसखल झिजतो. त्यावरून हात फिरवला की एका दिशेने गुळगुळीत लागतो, उलट दिशेने बोटांना पायऱ्या लागतात. असा टायरही वेगाबरोबर घुमतो, आणि नुसतं ऐकून तो बेअरिंगपासून वेगळा काढणं मुरलेल्या माणसालाही अवघड जातं. पण टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. डांबरीवर एक, काँक्रीटवर दुसरा, नव्याने केलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर जवळजवळ नाहीच. बेअरिंगला खालचा रस्ता कोणता आहे याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. अजून शंका राहिली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे घालून एक फेरी मारावी. आवाजाची जागा किंवा जात बदलली, तर दोष टायरचा. हे काम पंक्चरवालाही करून देतो. टायरची नवी जोडी घेण्याआधी एवढं जरी झालं असतं, तरी सरांचे पैसे वाचले असते. त्या पैशात बेअरिंगचं काम मजुरीसकट होऊन वर उरले असते.

विचारपूस

आमचे मामा, म्हणजे गॅरेजमधले सर्वांत जुने मिस्त्री, पान्याला हात लावण्याआधी माणसाला बोलतं करतात.

"सर, गाडी जाग्यावर उभी आसताना रेस दिली तर येतोय का?"

"न्हाई. उभ्या गाडीला काहीच न्हाई."

या एका उत्तराने बॉनेटखालचा बराच पसारा बाजूला झाला. सकाळच्या पहिल्या स्टार्टला किंवा एसी लावल्याबरोबर चीं करणारा बेल्ट, ऑइल कमी झालं की व्हॉल्व्हकडून येणारी टिकटिक, अल्टरनेटरच्या बेअरिंगची शीळ, हे सगळं इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं, म्हणून उभ्या गाडीतही रेस दिली की चढतं. अपवाद नॉकिंगचा. चढाला वरच्याच गिअरमध्ये एक्सलेटर दाबला की जी खडखड येते ती उभ्या गाडीत ऐकू येणार नाही, कारण तिला भार लागतो. पण ती एक्सलेटर सोडल्यावर जाते. सरांचा आवाज जात नव्हता.

"ब्रेक मारल्यावर?"

"गाडी हळू होईल तसा कमी येतो, बाकी काही फरक न्हाई."

ब्रेक पॅड संपत आला की बऱ्याच गाड्यांत पॅडवरची पत्र्याची छोटी जीभ डिस्कला घासते आणि कर्कश चिरका आवाज येतो. तो मुद्दामच तसा येण्याची सोय केलेली असते. तेव्हा लक्ष दिलं नाही तर पुढे लोखंडावर लोखंड घासल्याची खरखर येते, आणि मग डिस्कही जाते. असला आवाज आला तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत आणू नये, माणूस बोलावून घ्यावा.

स्टेअरिंग पूर्ण तोडून वळताना कट्-कट् येतं का, हाही प्रश्न झाला. ते ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या जॉइंटचं लक्षण. रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर गेलं आणि माती आत गेली की सुरू होतं. तेही नव्हतं. बारीक खड्ड्यांवर खट्-खट्? "ते तर कधीचं हाय," सर म्हणाले. मामांनी ते वेगळ्या ओळीत लिहायला सांगितलं. तो लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा) असणार होता, आणि निघालाही तोच, पण त्याचा या घुमण्याशी काही संबंध नव्हता. जुन्या गाडीत एका वेळी दोन-तीन आवाज असतात. ते एकत्र करून एकच कारण शोधायला गेलं की डोकं गरगरतं आणि बिल वाढतं.

सर्वांत उपयोगाची माहिती सरांकडून आलीच नाही. मॅडम सोबत आल्या होत्या. मामांनी त्यांनाही विचारलं, "ताई, तुमाला कुठनं वाटतंय?" त्या म्हणाल्या, "आवाजाचं मला कळत नाही, पण माझ्या पायाखाली झिणझिणतं." त्या बसतात डाव्या सीटवर, पुढे. त्यांचे पाय असतात ती जागा डाव्या पुढच्या चाकाच्या लगेच मागे.

सर मागनं म्हणत होते, मॅडम पुढनं सांगत होत्या, आणि दोघंही खरंच बोलत होते. असा खोल, घुमणारा आवाज नेमका कुठून येतो हे कानाला नीट ठरवता येत नाही. त्यात हल्लीच्या गाड्यांची बॉडी अखंड पत्र्याची. पुढचा आवाज पत्र्यातून मागे जातो आणि डिकीच्या पोकळीत घुमतो. थरथर मात्र जिथे उगम आहे तिथेच जास्त लागते. म्हणून आवाजाची जागा ठरवताना मी कानापेक्षा पायावर आणि हातावर जास्त भरवसा ठेवतो.

ट्रायल

उचगावकडून हायवेला लागलो आणि गोकुळ शिरगावच्या दिशेने निघालो. रेडिओ बंद, एसी बंद, काचा वर. चाळीसला बारीक घरघर, पन्नासला स्पष्ट घुमणं, सत्तरला मॅडम म्हणाल्या ती झिणझिण बुटाच्या तळव्यालाही लागली. त्याच वेगात चौथ्यावरून पाचवा टाकला. इंजिनाचे फेरे उतरले, आवाज होता तसाच राहिला.

मग सपाट, मोकळा पट्टा बघून गाडी न्यूट्रल केली. इंजिन आयडलला आलं. आवाज तिथल्या तिथे, आणि वेग उतरेल तसा तोही उतरत गेला. म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. ही चाचणी सपाटीवरच करावी. घाटात कधीच नाही, आणि किल्ली बंद करून तर कुठेच नाही. स्टेअरिंग जड होतं, लॉक होण्याची भीती असते आणि ब्रेकचा जोरही जातो.

न्यूट्रलमध्येही गिअरबॉक्सचा चाकाकडचा भाग फिरतच असतो, त्यामुळे तेवढ्याने गिअरबॉक्स पूर्ण निर्दोष ठरत नाही. त्यासाठी पुढची चाचणी. मागेपुढे कुणी नाही हे पाहून साठच्या वेगात गाडी हलकेच उजवीकडे घेतली, मग डावीकडे. उजवीकडे जाताना आवाज चढला, डावीकडे जाताना जवळजवळ गेला. मामांनी बोटानेच खूण केली : डावं.

गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचा भार डाव्या चाकांवर जातो. खराब बेअरिंगवर भार आला की ते ओरडतं, भार निघाला की गप्प बसतं. हा नियम दर वेळी लागू पडेलच असं नाही. चाकाच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि कोणती ओळ खराब झाली आहे त्यावर उलटही ऐकू येऊ शकतं. म्हणून ही दिशा समजायची, निकाल जॅकवर लावायचा.

जॅकवर

गाडी स्टँडवर घेतली. आधी चाक वर-खाली धरून हलवलं. खरोखरच प्ले नव्हता. आधीच्या ठिकाणी सांगितलं ते चुकीचं नव्हतं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. ही बेअरिंगं सीलबंद असतात आणि बसवल्यावर आतून दाबात राहतात. आतला पृष्ठभाग बिघडला की आवाज आधी सुरू होतो. हाताला जाणवेल इतका ढिलेपणा यायला त्यानंतर बराच काळ जातो. प्ले आला तर बेअरिंग गेलं हे नक्की. प्ले नाही म्हणून ते चांगलं, असं म्हणता येत नाही.

मग मामांची आवडती रीत. एक हात शॉकपच्या स्प्रिंगवर हलका ठेवायचा, दुसऱ्या हाताने चाक फिरवायचं. स्प्रिंग बेअरिंगची खरखर उचलून हातात आणून देते. उजवीकडचं पुढचं चाक : काही नाही. मागची दोन्ही : काही नाही. डावं पुढचं फिरवलं आणि तळहाताला बारीक वाळू रगडल्यासारखी खरखर लागली. मी सरांचा हात धरून त्या स्प्रिंगवर ठेवला, मग उजवीकडच्या स्प्रिंगवर. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

काही जण गाडी उचलून, गिअरमध्ये घालून, चाकं फिरवून आवाज ऐकतात. ते गॅरेजवाल्यांनीच करावं. एकच चाक उचललं आणि दुसरं जमिनीवर असलं तर डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी) उचललेलं चाक काट्याच्या दुप्पट वेगाने फिरतं. काटा तीस दाखवतो तेव्हा चाक साठवर असतं. घरच्या अंगणात, नुसत्या जॅकवर हा प्रयोग कुणीही करू नये.

आवाज चाळीसनंतरच का

सरांनी विचारलेला हा प्रश्न मला फार आवडला. गाडीचे टायर १६५/८० आर १४ मापाचे. एका फेऱ्यात चाक सुमारे १.९५ मीटर जातं. ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला साडेआठ फेरे. अशा बेअरिंगच्या एका ओळीत साधारण १२ ते १४ गोळ्या असतात, आणि बाहेरच्या, न फिरणाऱ्या रेसवर (रेस म्हणजे गोळ्या जिच्यावरून फिरतात ती कडी) एखादी जागा उखडली असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात साधारण पाच-सहा गोळ्या तिच्यावरून जातात. हिशोब ढोबळ आहे, पण साठला सेकंदाला चाळीस ते पन्नास ठोके पडतात. तीसला ते वीस-पंचवीसवर येतात, आणि माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण तेवढीच, सेकंदाला वीस. म्हणून हळू गाडीत ते ठोके एक तर ऐकूच येत नाहीत किंवा नुसती घरघर वाटते. वेग वाढला की ते जोडले जाऊन घुमायला लागतात.

उघडल्यावर

ड्राइव्ह शाफ्टचा नट सोडला, नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग, उतरवलं, चाक ज्याला बसतं तो हब प्रेसवर बाहेर काढला. बेअरिंग दाबून काढण्याआधी मामांनी बाहेरच्या रेसवर आणि नकलवर एक सरळ खूण मारून घेतली, म्हणजे खराबी कुठल्या बाजूची हे नंतर कळतं.

आतल्या बाजूच्या सीलच्या ओठाशी वाळलेल्या मातीची रेघ होती आणि तिच्या आत गंजाची. ग्रीसचा रंग चहासारखा तांबूस, बोटावर घेतल्यावर चिकटपणा उरलेला नाही, चिमटीत बारीक कच. गोळ्यांची चकाकी गेलेली. बाहेरची रेस पुसून उजेडात धरली तर आतल्या ओळीच्या वाटेवर बोटाच्या पेराएवढी जागा खपली निघाल्यासारखी उखडलेली. नख फिरवलं की अडकत होतं. खुणेशी जुळवलं तर ती जागा बरोबर वरच्या अंगाला आली. बाहेरची रेस फिरत नाही, आणि सरळ चालताना गाडीचं वजन तिच्या वरच्या भागावरच पेललं जातं. जिथे सतत भार, तिथेच ती फुटली.

पाणी आत गेलं कसं, याचं उत्तर विचारल्यावर मिळालं. "जुलैत एकदा मांडुकलीजवळ पाण्यातनं काढली होती. पुढं ट्रक गेला, त्याच्या मागनं." पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की जिल्ह्यातले कितीतरी रस्ते पाण्याखाली जायला लागतात, आणि धोका पातळी असते ४३ फुटांवर. गगनबावडा तर जिल्ह्यातला सर्वांत पावसाचा तालुका. वीस-पंचवीस किलोमीटर चाललेलं बेअरिंग गरम असतं. ते एकदम थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच कळत नाही. गंजाचे बारीक ठिपके पडतात, त्यांवरून गोळ्या फिरत राहतात, आणि आवाज येतो तीन-चार महिन्यांनी, जेव्हा पाण्याची आठवणही राहिलेली नसते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं असंच काम पुढे बरेच दिवस निघत राहिलं.

डावंच का गेलं, याबद्दल माझा अंदाज असा : रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे डाव्या बाजूला पाणी खोल, आणि समोरून उसाची ट्रॉली आली की साइडपट्टीवर उतरून पुन्हा वर चढण्याचे दणकेही डाव्या चाकालाच.

बसवताना

नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा घुमायला लागलं, अशी तक्रार घेऊन लोक येतात. तेव्हा बहुतेक वेळा दोष मालाचा नसतो, बसवण्याचा असतो. नकलमध्ये बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या रेसवरच यायला हवा. आतल्या रेसवर दाबलं तर तो जोर गोळ्यांतून जातो आणि रेसवर खळ्या पडतात. बेअरिंग गाडीत बसण्याआधीच मेलेलं असतं. हब दाबताना उलट, आतल्या रेसला मागून आधार द्यावा लागतो. हातोडा तर वापरायचाच नाही. उद्यमनगरात कुठल्याही वळणावर हायड्रॉलिक प्रेस मिळतो, तेव्हा ठोकाठोकीला निमित्तही उरत नाही.

या गाडीला एबीएस आहे, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा; चाकाचा वेग ती सेन्सरवरून घेते. अशा बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी कडं असतं आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. दिसायला दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. टाचणी नेऊन पाहिली की कळतं, चुंबकी बाजूला ती हलकेच चिकटते. उलटं बसलं तर सगळं पुन्हा खोलावं लागतं आणि काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही.

सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी कडी) नवी, ड्राइव्ह शाफ्टचा नट नवा. नट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्यावर आवळला. हवेच्या गनने "बसला बसला" म्हणून सोडलेला नट एक तर कमी आवळलेला असतो किंवा जास्त, आणि बेअरिंगच्या आतला दाब त्या नटावरच ठरतो. तो पक्का आवळेपर्यंत गाडी चाकांवर ढकलूसुद्धा दिली नाही. लिंक रॉडही त्याच वेळी बदलले.

नंतर

त्याच रस्त्यावर पुन्हा ट्रायल. साठ, सत्तर, ऐंशी, उजवीकडे, डावीकडे. घुमणं गेलं, पायाखालची झिणझिण गेली, एबीएसचा दिवा नाही. सरांनी विचारलं, उजव्या बाजूचंही बदलून टाकायचं का. पुढच्या महिन्यात करूळ घाट उतरून वैभववाडीला लग्नाला जायचं होतं, त्यामुळे काळजी रास्त होती. बेअरिंग दोन्ही बाजूंची जोडीनेच बदलावीत, असं अनेक ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. शॉकप किंवा ब्रेक पॅड एका बाजूचेच बदलले तर गाडीचा तोल बिघडतो, बेअरिंगचं तसं नाही. उजवं बेअरिंग स्प्रिंगवर हात ठेवून पुन्हा तपासलं, स्वच्छ होतं, म्हणून हात लावला नाही. पण तेही त्याच पाण्यातून गेलेलं आहे, तेव्हा गाडी डावीकडे घेताना आवाज चढायला लागला तर लगेच या, एवढं सांगितलं. घुमणारं बेअरिंग तसंच चालवत राहिलं तर पुढे चाकाला प्ले येतो, बेअरिंग तापतं, आणि शेवटी ते जाम होतं किंवा चाक सुटण्यापर्यंत वेळ येते. घाटाआधी ते कळलं हे बरं झालं.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. पुढून बारीक सर्र असा आवाज येतोय, पण काँक्रीटच्या पट्ट्यावर बदलतो आणि नव्या डांबरीवर जातो, वळताना काही फरक नाही. मोठा आवाज गेला की त्याच्याखाली दबलेले छोटे आवाज ऐकू यायला लागतात. हा पुढच्या जुन्या टायरचा होता, आणि सरांनी तो घरबसल्या ओळखलाही होता. त्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेच्या बरीच वर आहे. नवे टायर मागेच राहू द्यायचे, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी सावरत नाही. पुढचे दोन पावसाळ्याआधी पाहून ठरवायचं, असं ठरलं.